खोटं वाजवा ने

आमच्या घरातल्या माणसाला सगळं नरपड अण्णा म्हणतं. मी समोर त्यांना काहीच म्हणत नाही, नुसतं 'ऐकलं का' म्हणते. पण लिहिताना ते बरं दिसणार नाही, म्हणून इथे मीही अण्णाच म्हणते. अण्णा रेल्वेत तिकीट तपासनीस होते. डहाणूहून सुरतेकडे जाणाऱ्या गाड्यांत त्यांची उभी नोकरी गेली. मूळचे ते चिपळूणकडचे, मी इथली, नरपडची. बदली होऊन आले, माझ्याशी लग्न केलं आणि इथलेच झाले, म्हणजे रेशनकार्डापुरते. माणसावर विश्वास ठेवण्याच्या बाबतीत ते अजून कुठेच स्थायिक झालेले नाहीत.

हा मूळचा स्वभाव की धंद्याने लागलेली सवय, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलं नाही. म्हैस आटली असं दूधवाल्याने सांगितलं तर अण्णा म्हशीचीही उलटतपासणी घेतील. चिकू गोड आहेत असं बाजारात कुणी म्हणालं की ते पुढच्या टोपलीकडे जायचे, कारण गोड चिकूला सांगावं लागत नाही. त्यांची एक पद्धत होती. कुठलाही प्रश्न दोनदा विचारायचा. एकदा लगेच, आणि एकदा थोड्या वेळाने, चहा पिता पिता, पहिल्यांदाच विचारतोय अशा आवाजात. दोन उत्तरं जुळली नाहीत की माणूस सापडला. गाडीत ही पद्धत फार उपयोगी पडली म्हणे. घरात तिने काय केलं ते मी पाहिलं आहे.

नीलम ही आमची एकुलती एक मुलगी. ती पालघरला कॉलेजात होती तेव्हा आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचो. संध्याकाळी उशीर झाला की ती थेट वर यायची नाही. जिन्याच्या वळणावर तिचा हळू आवाज ऐकू यायचा. कुणाशी बोलते म्हणून एकदा मी वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि वरून वाकून पाहिलं. ती एकटीच होती. 'लेक्चर उशिरा सुटलं, मग गाडी चुकली, मग कीर्तीबरोबर स्टेशनवर थांबले.' पुन्हा पहिल्यापासून, तेच. पुन्हा तेच. पोरीने काही केलेलं नव्हतं. गाडी खरंच चुकली होती. पण खरं असलं तरी ते दोन्ही वेळा सारखं यायला हवं, म्हणून ती जिन्यात उत्तर पाठ करायची. मला त्या दिवशी अण्णांचा इतका राग आला की मी आमटीत मीठच घातलं नाही. बोलले मात्र नाही. बोलले असते तर 'तुला कसं कळलं' असं विचारलं असतं त्यांनी, आणि तेही दोनदा.

निवृत्तीच्या दिवशी स्टाफने त्यांना गिटार दिली. आपण कॉलेजात असताना गिटारवर चार गाणी वाजवायचो, असं ते कधीतरी ड्युटीवर बोलून गेले होते, ते कुणीतरी लक्षात ठेवलं होतं. दुसरा कुणी असता तर त्याचे डोळे भरून आले असते. अण्णांनी घरी येऊन गिटार ट्यूबलाइटखाली धरली आणि तिच्यावर ओरखडा शोधला. कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली असणार, असं त्यांचं मत होतं. ओरखडा सापडला नाही तेव्हा ते मत आणखी पक्कं झालं. पॉलिश करून आणली असणार.

पण क्वार्टर सोडून आम्ही नरपडच्या घरी राहायला आलो, आणि ते वाजवायला लागले. मोबाईलवरचे व्हिडिओ बघत, बोटांना घट्टे पाडून घेत त्यांनी कॉर्ड बसवल्या. गाणं ओळखू येईल इतपत हात बसला आणि मग डोक्यात सोलोचं खूळ शिरलं. गाण्याच्या मध्येच सगळे मागे सरतात आणि एकटी गिटार बोलते, तो सोलो. एका व्हिडिओतला केसाळ मुलगा सांगत होता की सोलो आधी ठरवायचा नसतो, तो वाजवता वाजवता सुचतो. पाच सुरांची एक चौकट घ्या, मागे ताल लावून ठेवा आणि त्या पाचांत काहीही वाजवा, चांगलंच वाटेल.

हे शेवटचं वाक्य अण्णांनी पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकलं. मग मला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं. काहीही करा, चांगलंच होईल असं कोण बोलतो ठाऊक आहे का, असं मला विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, की ज्याला काहीतरी खपवायचं असतं तो.

त्यांचं म्हणणं असं की आयत्या वेळी कुणालाच काही सुचत नसतं. सगळे घरून पाठ करून येतात आणि लोकांसमोर डोळे मिटून सुचल्याचं सोंग करतात. खात्री करायला त्यांनी एकाच वादकाचं एकच गाणं दोन कार्यक्रमांतलं शोधून काढलं. दोन्हीकडे सोलो वेगळा होता. दोन उत्तरं जुळली नाहीत, म्हणजे त्यांच्या हिशेबी तो माणूस सापडलाच. मी म्हटलं, अहो, पाठ केलेलं असतं तर सारखं नसतं का आलं? त्यावर थोडा विचार करून ते म्हणाले, दोन पाठ केले असतील.

शेवटी मीच त्यांना चिमणभाईंचं नाव सुचवलं. तलासरीला त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, पण एके काळी नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात त्यांची गिटार ऐकायला आम्ही पोरी वाट वाकडी करून जायचो. चिमणभाईंचं मराठी आपल्याकडच्या गुजराती माणसांचं असतं तसंच, थोडं इकडचं, थोडं तिकडचं आणि दर वाक्यामागे एक 'ने'. अण्णा आठवड्यातून एकदा एसटीने तलासरीला जाऊ लागले. वाढवणच्या बंदराविरुद्ध रास्ता रोको असला की गाडी अडकायची, तेव्हाही ते तपासून बघायचे की रास्ता रोको खरंच आहे की ड्रायव्हर चहाला थांबलाय.

पहिल्या दिवशी चिमणभाईंनी त्यांना एकच तार दिली आणि तिच्यावरचे दोन सूर. बाकी कशाला हात लावायचा नाही. चिमणभाई कॉर्ड वाजवणार आणि अण्णांनी त्या दोन सुरांत उत्तर द्यायचं. आधी तोंडाने गुणगुणायचं, मग वाजवायचं. बोलताना आपण श्वासाला थांबतो, तसं बोटांनीही थांबायचं. हे ऐकून अण्णा घरी आले ते भुवया चढवूनच. दोन सुरांत कुणी काय उत्तर देणार? हा माणूस खरं ते लपवतोय आणि आपल्याला रखडवतोय, असा त्यांनी निकाल दिला.

मग एके दिवशी ते तलासरीहून हसत आले. अण्णा हसत आले की मला धास्तीच वाटते, कारण कुणीतरी सापडलेलं असतं. काय झालं विचारलं तर म्हणाले, शेवटी कबूल केलं त्याने. काय कबूल केलं ते सांगेनात. त्या दिवसापासून मागच्या खोलीचं दार लावून त्यांचा रियाज सुरू झाला.

आता संशय घ्यायची पाळी माझी आली. दाराआडून जे ऐकू यायचं ते चांगलं होतं, आणि नेमकं तेच मला खटकत होतं. एक लकेर वर चढायची. मग थोडं थांबणं. मग 'हं' असा विचारात पडल्याचा आवाज. मग दुसरी लकेर, झरझर खाली. दुसऱ्या दिवशी तीच लकेर, तेवढंच थांबणं, तोच 'हं'. मी अंगणाच्या बाजूने जाऊन खिडकीच्या फटीतून पाहिलं. अण्णा पहिली लकेर वाजवून छताकडे बघत, कान खाजवत, 'हं' म्हणत आणि एकदम काहीतरी सुचल्यासारखे दुसरीवर येत. परत पहिल्यापासून. परत छत, परत कान. माणूस सुचण्याचीसुद्धा तालीम करत होता, आणि ती का, हे मला कळेना.

त्याच सुमारास नीलमचं लग्न ठरलं. शैलेश झरीच्या शाळेत शिक्षक आहे, सरळ मुलगा. पहिल्यांदा घरी आला तेव्हा अण्णांनी त्याला विचारलं, तुमची ओळख कुठे झाली. तो म्हणाला, डहाणूला एका प्रशिक्षणात. मग चहा आला. चहाबरोबर तोच प्रश्न पुन्हा आला. तो म्हणाला, एसटी स्टँडवर. झालं. प्रशिक्षणाहून परतताना स्टँडवर बोलणं झालं, हे त्या बिचाऱ्याने नंतर चारदा समजावलं, पण अण्णांच्या चेहऱ्यावरची संशयाची रेघ काही गेली नाही. नीलम उठून आत गेली आणि तो जाईपर्यंत बाहेर आली नाही.

पुढे कितीतरी दिवस ती बापाशी कामापुरतंच बोलत होती. अण्णांना ते लागलं होतं; ते बोलत नाहीत, पण मला कळतं. एका सकाळी ती वाल सोलत बसली असताना ते तिच्यासमोर येऊन म्हणाले, तुझ्या हळदीला मी वाजवतो, सोलो. ती बराच वेळ वाल सोलत राहिली. मग म्हणाली,

"वाजवा. पण तयार करून येऊ नका, बाबा. मी आयुष्यभर तुमच्यासमोर तयार करून बोलले. एकदा तुम्ही माझ्यासमोर तयारीशिवाय काहीतरी करा. कसंही होऊ दे."

अण्णा 'हो' म्हणाले. आणि दार लावून आत गेले, आणि आतून तीच लकेर सुरू झाली.

मला राहवलं नाही. दार ढकललं आणि विचारलं, तुम्ही पाठ करताय ना? मला वाटलं होतं नाकारतील. पण ते मला बसवून शांतपणे म्हणाले की करतोय, आणि गुरूनेच तसं सांगितलंय. मग त्यांनी ती तलासरीची कबुली सांगितली. त्या दिवशी चिमणभाई कुठल्याशा पंपाच्या मोटारीत तांब्याची तार भरत बसले होते. अण्णांनी सरळ विचारलं, खरं सांगा, हे लोक घरूनच बसवून आणतात की नाही? चिमणभाईंचं निम्मं लक्ष मोटारीत. मान वर न करता ते म्हणाले होते, "तुम्ही खोटं वाजवा ने, अण्णा. बिनधास्त खोटं वाजवा. खोटं वाजवल्याशिवाय सोलो येणार नाय."

मी आधी हसले. मग हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला. "अहो, त्यांचं खोटं म्हणजे चुकीचं," मी म्हटलं. "चुका करा, घाबरू नका, असं सांगत होते ते तुम्हाला."

गुजरातीत चुकलेल्याला खोटंच म्हणतात, आणि चिमणभाईंसारख्यांच्या मराठीत ते तसंच उतरतं. आमच्या बाजारात राँग नंबर लागला तर 'खोटा नंबर' म्हणतात, हे नरपडचं शेंबडं पोरही सांगेल. पण अण्णांच्या कानाला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक, तोही नोकरीने घट्ट केलेला. त्यांनी गिटार बाजूला ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे ते गाडीतले प्रवासी 'साहेब, खोटी गाडीत बसलो' म्हणायचे, ते…"

"चुकून बसलेले," मी म्हटलं.

"तरी त्या गाडीचं तिकीट नव्हतंच त्यांच्याकडे," अण्णा म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

लगेच विश्वास ठेवतील तर ते अण्णा कसले. मी नरपडची, चिमणभाई तलासरीचे, म्हणजे आम्ही एकाच बाजूचे. ते दुसऱ्याच दिवशी तलासरीला गेले. पोचल्याबरोबर विचारलं, आणि चहा घेताना परत विचारलं. चिमणभाई दोन्ही वेळा म्हणाले, खोटं म्हणजे चुकीचं, बीजुं काय, दुसरं काय असणार? मग त्यांनी अण्णांना काय बसवलंय ते वाजवायला लावलं. सगळं ऐकून घेतलं. छान आहे म्हणाले, पण हे भाषण झालं ने, मी तर गप्पा मारायला सांगितलेल्या.

त्या संध्याकाळी अण्णांनी खोलीचं दार उघडंच ठेवलं. मोबाईलवर ताल लावला, चौकटीवर बोटं ठेवली आणि बसून राहिले. ताल चालू, बोटं तारेवर, आवाज नाही. मी भाकऱ्या थापत होते. माझ्या सगळ्या भाकऱ्या झाल्या तरी एक सूर निघाला नाही. चुकीचं वाजेल या भीतीने त्यांना तार छेडवेचना. ताल बंद करून ते माझ्याजवळ येऊन म्हणाले की बिनतिकीट बसल्यासारखं वाटतं. मला हसू आलं नाही. दुसऱ्याच्या तोंडात शब्द सापडला की उलटून बघणारा हा माणूस, स्वतःच्या बोटांवरसुद्धा त्याचा विश्वास नव्हता.

आणि मग त्यांनी ठरवलं की पाठ केलेलंच वाजवायचं. हळद तोंडावर आली होती, पाहुण्यांना सांगून झालं होतं. नीलमला काय कळणार आहे, असं म्हणाले. तिला कळेल, मी म्हटलं. कसं, म्हणून विचारलं त्यांनी. तेव्हा मी त्यांना तो जिना सांगितला. ती वळणावर उभी राहून काय करायची, किती वेळा म्हणायची, आणि वर येताना तिचा चेहरा कसा असायचा, सगळं सांगितलं. पाठ केलेलं कसं दिसतं हे त्या पोरीपेक्षा जास्त कुणाला कळणार?

"हे खोटं आहे," अण्णा म्हणाले. कुठल्या अर्थाने म्हणाले ते मी विचारलं नाही. ते उठून अंगणात गेले आणि अंधार पडेपर्यंत आत आले नाहीत.

तरी तयारी थांबली नाही. आता ते माझ्या मागे लागले की हळदीचं गाणं किती कडव्यांचं, आणि नेमकं कुठल्या कडव्यानंतर गिटार. मी सांगितलं, जेवढी माणसं येतील तेवढं गाणं. त्यांना वाटलं मी टाळतेय. पण ते तसंच आहे. आमच्या घरच्या हळदीच्या गाण्याला मोजमाप नसतं. मांडवात जो पाय टाकेल त्याचं नाव ओळीत घ्यायचं. तो काय घेऊन आला, कसा चालत आला, कुणावर रुसलाय, ते तिथल्या तिथे जुळवायचं. ज्याचं नाव घेतलं त्यानेही गप्प बसायचं नाही, काहीतरी उलट म्हणायचंच, नाहीतर बायका त्याला सोडत नाहीत. हे अण्णांनी आमच्या लग्नापासून ऐकलंय. पण त्यांची समजूत अशी की माझ्या बहिणी आदल्या दिवशी बसून सगळं रचून ठेवतात. बरंच डोकं खाऊन शेवटी त्यांनी एक खूण ठरवून घेतली. मामाचं नाव आलं की त्या ओळीनंतर सोलो.

हळदीच्या दिवशी दुपार कलताना मांडव भरला. नीलम पाटावर बसली, हातापायांना हळद, गालांना हळद. चिमणभाई गिटार घेऊन आले होते, माझा भाचा ललित ढोलकीवर होता. अण्णा खुर्चीवर, इस्त्रीच्या शर्टात, बोटं आधीच पहिल्या लकेरीच्या जागी ठेवून बसलेले. गाणं धरलं होतं माझ्या धाकट्या बहिणीने. तिचं नाव काहीही असो, सगळे तिला धाकलीच म्हणतात.

आता बायकांचं गाणं चढत जातं. सूर धरून ठेवायला पेटी नाही, आणि उत्साह तर वाढतच असतो. मावशी आली, आत्या आली, शेजारची कविता लेकराला घेऊन आली, आणि प्रत्येक नावागणिक आवाज थोडा थोडा वर सरकला. चिमणभाईंनी हसत आपल्या गिटारच्या मानेवरचा चिमटा दोन घरं वर सरकवला, म्हणजे त्यांची पट्टी बायकांच्या पट्टीला मिळाली. एवढ्यात धाकलीला मामा दिसला. तो मघाशीच मागच्या दाराने येऊन, लपून भजी खात बसला होता. तिने त्याला भज्यांसकट ओळीत ओढलं, मांडव हसला, आणि ओळ संपली.

चिमणभाईंनी अण्णांना खूण केली, दोन घरं वर घ्या. अण्णांनी ती पाहिली नाही, कारण ते ठरल्याप्रमाणे छताकडे बघत होते. त्यांनी पहिली लकेर वाजवली, घरी वाजवत तशीच, एकही चूक न करता, आणि ती गाण्याला इतकी बेसूर लागली की ढोलकीवर ललितचासुद्धा हात अडखळला. बायका एकमेकींना कोपर मारू लागल्या. अण्णा थांबले. थांबायची जागा ती होतीच. त्यांचा हात कानाकडे गेला, आणि तोंडातून 'हं' निघाला.

मी नीलमकडे पाहिलं. ती बापाकडे सरळ बघत होती. जिना चढून दारात यायची तेव्हाचा तिचा चेहरा मला पाठ आहे. तोच चेहरा होता. मग तिने मान खाली घातली आणि हातावरची हळद निरखत बसली. मला इतकं वाईट वाटलं की वाटलं उठावं, आणि काहीतरी निमित्त काढून सगळं थांबवावं.

अण्णांनीही तिचा चेहरा पाहिला होता. दुसरी लकेर आलीच नाही. ते गिटार मांडीवर घेऊन नुसते बसले. ढोलकी चालू, चिमणभाईंच्या कॉर्ड चालू, आणि मधली जागा रिकामी. मागून कुणीतरी विचारलं, सुरू कधी होणार.

तेव्हा धाकलीने ती जागा उचलली. "कोण गं बसलाय मांडवात, नवरीचा बाप बसलाय मांडवात, वाजवायचं विसरून बसलाय," असं म्हणून तिने शेवटचा सूर लांबवला आणि अण्णांकडे बघत धरून ठेवला. बायका हसल्या आणि थांबल्या. नाव घेतलं होतं, आता त्यांनी काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

अण्णांनी एक बोट तारेवर ठेवलं आणि एक सूर वाजवला. चुकीचा.

"खोटं," चिमणभाई मोठ्याने म्हणाले, अगदी खूश होऊन. "हां, खोटं. पुढे."

अण्णांनी बोट तसंच दाबून एक घर वर सरकवलं, आणि सूर बसला. त्यांना स्वतःलाच ते कळेना. त्यांनी तो परत वाजवला, खात्री करायला. मग त्यांचे ओठ हलले. ते धाकलीची ओळ गुणगुणत होते, आणि बोटांनी ती शोधत होते. दोन सूर सापडले, तिसरा चुकला, मागे आले, पुन्हा गेले. धाकलीने दुसरी ओळ टाकली, त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर. त्यांनी तिला उत्तर दिलं, वाकडंतिकडं, पण दिलं. मग ती थांबेल तिथे ते वाजवू लागले आणि ते थांबतील तिथे ती गाऊ लागली. छताकडे ते बघत नव्हते. तोंड उघडं, कपाळावर घाम, आणि नजर धाकलीच्या तोंडाकडे, ही आता काय म्हणेल म्हणून. सुंदर वगैरे काही नव्हतं ते. अनोळखी गावात घर विचारत फिरणाऱ्या माणसासारखं होतं. पण त्यातला एकही सूर त्यांनी घरून आणलेला नव्हता, हे मी शपथेवर सांगते.

नीलमने मान वर केली होती. ती हसली नाही, टाळ्याही वाजवल्या नाहीत. टक लावून बघत होती.

गाणं संपलं, लोक पंगतीला उठले. सोलो चांगला झाला असं अण्णांना कुणी म्हणालं नाही. तो सोलो होता हेच बहुतेकांना कळलं नव्हतं. मी भाताचं ताट घेऊन मांडवाच्या मागून चालले होते, तर पाण्याच्या पिंपाशी अण्णा तोंडावर पाणी मारत उभे होते आणि नीलम त्यांच्यासमोर येऊन थांबली होती. गालावरची हळद सुकून तडकली होती.

"बाबा, ते काय वाजवलंत?"

"माहीत नाही," अण्णा म्हणाले. "परत वाजवा म्हणालीस तर येणार नाही."

ती काहीतरी गोड बोलेल असं मला वाटलं. पण लहानपणी ताप चढला की तिचा जो आवाज यायचा त्या आवाजात ती एकदम म्हणाली, "बाबा, मला भीती वाटतेय. उद्याची. तिकडच्या घराची. सगळ्याचीच."

माझ्या हातातलं ताट जागच्या जागी थांबलं. आता हे विचारणार, कसली भीती, कधीपासून, कुणी काही बोललं का. अण्णांचं तोंड उघडलंही. मग मिटलं. ओल्या हातांनी त्यांनी तिचे हळदीचे हात धरले.

"मला पण," ते म्हणाले.

मी तशीच मागे फिरले आणि दुसऱ्या बाजूने पंगतीत भात वाढायला गेले.